टाचदुखी आणि बुटातलं इनसोल : कुठे उपयोगी पडतं, कुठे पडत नाही

सकाळी फजरसाठी उठलो, पलंगावरून पाय खाली टेकवला आणि टाचेत खिळा घुसावा तशी कळ आली. पाच-दहा पावलं लंगडत चाललो की कळ कमी होते, माणूस कामाला लागतो आणि विसरतो. दुपारी थोडं बसून उठलं की पुन्हा तेच. आमच्या स्टाफरूममध्ये ही तक्रार करणारे आम्ही एकटे नाही. चाळिशी ओलांडलेल्या शिक्षकांपैकी बऱ्याच जणांनी ती कधी ना कधी भोगली आहे. मालेगाव-भिवंडीत लूमवर पाळीभर उभे राहणारे कारागीर, दुकानातले सेल्समन, नर्सा, वॉचमन आणि दिवसभर ओट्यापाशी उभ्या असणाऱ्या घरातल्या बायका, सगळ्यांचीच ही तकलीफ आहे.

यावर हल्ली पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे "बुटात इनसोल टाका." मेडिकलमध्ये, चपलांच्या दुकानात, ऑनलाइन, सगळीकडे ते मिळतं. काहींना फरक पडतो, तर काहींचे पैसे वाया जातात. असं का होतं, इनसोल कसं निवडायचं, कसं वापरायचं आणि त्यावर किती भरवसा ठेवायचा, हे या लेखात एका ठिकाणी मांडत आहोत. आम्ही डॉक्टर नाही. पण दोन वर्षं ही टाच सांभाळताना जे वाचलं, विचारलं आणि चुकत-माकत शिकलो, ते वाचकांच्या उपयोगी पडेल असं वाटतं.

दुखतं नेमकं काय?

टाचेच्या हाडापासून बोटांच्या मुळांपर्यंत तळपायाखाली एक जाड, चिवट पट्टा असतो. त्याला प्लँटर फॅशिया म्हणतात. तळपायाची कमान धरून ठेवण्याचं काम तो करतो. चालताना टाच उचलली आणि बोटं वाकली की हा पट्टा ताणला जातो, कमान उंच होते आणि पाय पुढे ढकलायला कडक होतो. हिक्स या ब्रिटिश डॉक्टरांनी १९५४ मध्ये या क्रियेला रहाटाची उपमा दिली. रहाट फिरवला की दोर गुंडाळला जाऊन ताणला जातो, तसंच इथे होतं.

दर पावलाला हा दोर ताणतो. वजन वाढलेलं असेल, पोटरीचे स्नायू आखडलेले असतील, कडक फरशीवर तासन्‌तास उभं राहायचं असेल किंवा चालणं एकाएकी वाढवलं असेल, तर टाचेच्या हाडाला जिथे हा पट्टा चिकटतो तिथे त्याची झीज होते. तिथेच दुखतं, म्हणजे टाचेच्या खाली, थोडं आतल्या बाजूला. याला प्लँटर फॅशायटिस म्हणतात. दर दहा जणांपैकी साधारण एकाला आयुष्यात कधी तरी हा त्रास होतो, असा वैद्यकीय पुस्तकांतला अंदाज आहे. ४० ते ६० या वयात तो जास्त दिसतो.

रात्रभर पाय सैल राहतो, पट्टा आखडतो आणि पहिल्या पावलाला एकदम ताणला जातो. सकाळची पहिली पावलं सर्वांत वाईट का असतात, ते यावरून कळेल.

"हाड वाढलंय" हा गैरसमज

एक्स-रे काढला की टाचेला छोटा काटा दिसतो आणि घरी निरोप जातो की हाड वाढलंय. मग लोक दूध बंद करतात, टोमॅटो बंद करतात, कॅल्शियमच्या गोळ्या फेकून देतात. खरी गोष्ट अशी की असा काटा टाच अजिबात न दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेतही दिसतो, आणि टाच दुखणाऱ्या अनेकांच्या एक्स-रेत दिसत नाही. बहुतेक वेळा दुखतं ते पट्ट्यामुळे, काट्यामुळे नाही. म्हणून काटा तसाच राहूनही दुखणं पूर्ण थांबू शकतं. तसंच प्रत्येक टाचदुखी युरिक अॅसिडची नसते. त्याचा झटका बहुधा पायाच्या अंगठ्याच्या सांध्यात येतो, तोही लालबुंद सूज घेऊन.

इनसोल काय करतं?

इनसोलची कामं दोन. एक, टाचेला गादी देऊन फरशीचा दणका कमी करणं. दोन, कमानीखाली आधार देऊन पट्ट्यावरचा ताण थोडा हलका करणं. बाजारात मिळणारे प्रकार ढोबळमानाने असे आहेत :

१. टाचेची गादी किंवा हील कप : सिलिकॉनची किंवा रबराची, फक्त टाचेखाली बसणारी. वाटीसारखा आकार असेल तर टाचेखालची नैसर्गिक चरबी पसरत नाही, एका जागी धरली जाते. टाचेच्या अगदी मध्यावर, कडक फरशीवर जास्त दुखत असेल तर हिचा उपयोग बरा होतो.

२. तयार आर्च सपोर्ट : पूर्ण किंवा पाऊण लांबीचं, कमानीखाली उंचवटा आणि टाचेशी खोलगट भाग असलेलं. प्लँटर फॅशायटिससाठी सहसा हेच सुचवतात.

३. मापाचं इनसोल : पायाचा साचा घेऊन किंवा मशीनवर पाय मोजून बनवलेलं. किंमत तयार इनसोलच्या कित्येक पट.

४. नुसता फोम : बुटाचं माप सैल पडलं तर टाकायचा पातळ स्पंज. हातात मऊ लागतो, पण अंगाच्या वजनाखाली काही दिवसांतच चपटा होतो. टाचदुखीसाठी याचा फारसा उपयोग नाही.

महागडं म्हणजे चांगलं का?

इथे सर्वांत जास्त पैसे वाया जातात. अभ्यास काय सांगतात ते पाहू. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या १५ केंद्रांवर २३६ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. सगळ्यांना ताणाचे व्यायाम दिले होते आणि वेगवेगळ्या गटांना वेगवेगळे इनसोल. आठ आठवड्यांनी सिलिकॉनच्या गटातल्या ९५ टक्के, रबराच्या गटातल्या ८८ टक्के आणि फेल्टच्या गटातल्या ८१ टक्के लोकांना सुधारणा जाणवली. फक्त व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण ७२ टक्के होतं आणि मापाचं महाग इनसोल घेणाऱ्यांत ६८ टक्के.

२००६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या १३५ रुग्णांचा वर्षभराचा अभ्यास आला. त्यात एका गटाला मऊ फोमचं नाममात्र इनसोल, दुसऱ्याला तयार आणि तिसऱ्याला मापाचं दिलं. तीन महिन्यांनी तयार आणि मापाच्या इनसोलचा थोडा फायदा दिसला, तोही दोन्हींचा जवळपास सारखा. वर्षाअखेर तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक राहिला नाही.

यातून आम्ही तीन गोष्टी घेतो. सुरुवातीला साधं तयार इनसोल पुरेसं आहे. ते पहिल्या काही महिन्यांत दुखणं सुसह्य करतं. आणि ते आजार मुळापासून बरा करत नाही, शरीर सावरत असताना आधार देतं. काही शे रुपयांत जे काम होण्यासारखं आहे, त्यासाठी पहिल्याच दिवशी काही हजार खर्च करण्याची घाई करू नका. पायाचा आकार फारच वेगळा असेल, पाय बधिर असेल किंवा तयार इनसोल दोन-तीन महिने नीट वापरूनही फरक नसेल, तेव्हा डॉक्टरांच्या सल्ल्याने मापाचं बघावं.

आमची चूक : तासांचा हिशेब

आम्ही इनसोल घेतलं, शाळेच्या बुटात बसवलं आणि दोन महिने वाट पाहिली. फरक जेमतेम. मग एका फिजिओथेरपिस्टने साधा प्रश्न विचारला : "मास्तर, दिवसातून बूट किती तास घालता?" बोटांवर मोजलं. बूट पायात सहा-सात तास, आणि घरी, गल्लीत, बाजारात मिळून आठ-नऊ तास अनवाणी किंवा झिजलेल्या स्लिपरवर. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळ टाच फरशीवरच आपटत होती. इनसोल बिचारं बुटात, आणि बूट दाराबाहेर!

परदेशी पुस्तकांत लिहिलेला सल्ला दिवसभर बूट घालणाऱ्यांसाठी असतो. आपल्याकडे घरात चप्पल न घालणं हा अदब आहे, आणि बाहेरही चप्पलच जास्त. म्हणून इनसोल घेण्याआधी आपल्या पायाखाली कुठल्या वेळी काय असतं, याचा हिशेब करा. घरासाठी एक वेगळी, स्वच्छ, जाड आणि थोड्या उंच टाचेची चप्पल ठेवा आणि पलंगाजवळच ठेवा, म्हणजे सकाळचं पहिलं पाऊल तिच्यातच पडेल. एमसीआर म्हणून जे बारीक छिद्रांचं मऊ रबर मिळतं, त्याच्या चपलाही चालतात. वेल्लोरला कुष्ठरोग्यांच्या बधिर पायांसाठी डॉ. पॉल ब्रँड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे रबर वापरलं होतं. आज मधुमेहाच्या रुग्णांनाही या चपला देतात. मात्र पातळ, सपाट तळाच्या चपला आणि अगदी सपाट कोल्हापुरी या दिवसांत बाजूला ठेवलेल्या बऱ्या.

घरातल्या बायकांचा प्रश्न तर आणखी मोठा. आमच्या एका खालाजान डब्यांचं काम करतात. पहाटेपासून ओट्यापाशी उभ्या. मुलाने त्यांच्यासाठी महागडं इनसोल आणलं आणि ते कपाटात पडून राहिलं, कारण त्यांच्याकडे बूटच नव्हते. त्यांना कामाला आलं ते दुसरंच : ओट्यापाशी जाड रबरी मॅट, मागे पट्टा असलेली मऊ सँडल आणि पोळ्या लाटायला उंच स्टूल. टाचेपाशी सिलिकॉन असलेले मोजेही मिळतात, ते अनवाणी वावरताना चालतात. पण ओल्या फरशीवर ते घसरतात, तेव्हा मोरी-बाथरूममध्ये घालू नयेत.

निवडताना आणि वापरताना

- इनसोल संध्याकाळी घ्या. दिवसभरात पाय थोडा सुजलेला असतो, माप बरोबर मिळतं.
- नेहमीचे बूट सोबत न्या. बुटातलं जुनं अस्तर निघत असेल तर ते काढून मगच नवीन बसवा. एकावर एक दोन टाकले की टाच वर येते आणि बूट चावतो.
- बूटही तपासा. टाचेकडचा मागचा भाग कडक हवा, आणि बूट बोटांपाशी वाकावा, मध्येच दुमडू नये. झिजलेल्या बुटात चांगलं इनसोलही वाया जातं.
- कमानीचा उंचवटा अंगठ्याने दाबून पाहा. सहज सपाट झाला तर वजनाखालीही होईल.
- वजू केल्यावर ओल्या पायाचा ठसा कोरड्या फरशीवर पाहा. मधला भाग जवळपास उमटलाच नाही तर कमान उंच, पूर्ण तळवा उमटला तर पाय सपाट. हा ढोबळ अंदाज आहे, पण फार उंच आधार टोचेल की चालेल हे ठरवायला मदत होते.
- दोन्ही बुटांत घाला, दुखत एकच टाच असली तरी. नाहीतर पाय लहानमोठे झाल्यासारखे होऊन कंबर दुखते.
- पहिल्या दिवशी एक-दोन तासच. मग रोज थोडं वाढवत आठवडा-दोन आठवड्यांत पूर्ण वेळ. सुरुवातीला पोटरी थोडी ओढल्यासारखी वाटते. पण टोचणं, फोड किंवा गुडघेदुखी सुरू झाली तर ते इनसोल आपल्यासाठी नाही.
- फरक दोन-तीन आठवड्यांत जाणवू लागावा. निकाल दोन ते तीन महिन्यांनी ठरवा.
- रात्री बुटातून काढून हवेवर ठेवा. पावसाळ्यात ओलं इनसोल बुटात राहिलं की वास आणि बुरशी ठरलेली. कडक उन्हात किंवा इस्त्रीजवळ वाळवू नका, आकार बिघडतो.
- चपटं झालं की बदला. रोजच्या वापरात सहा महिने ते वर्षभरात ती वेळ येते.

इनसोलबरोबर व्यायाम हवाच

आधार बाहेरून मिळाला तरी ताकद आतूनच यायला हवी. तीन व्यायाम पुरेसे आहेत.

पहिला, पलंगावरून उतरण्याआधी. दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने पायाची बोटं नडगीकडे ओढा. तळपायाचा पट्टा ताणलेला हाताला जाणवेल. १० आकडे मोजा, सोडा. असं १० वेळा, दिवसातून तीनदा. नुसती पोटरी ताणण्यापेक्षा याने जास्त फायदा झाल्याचं २००३ च्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं.

दुसरा, पोटरीचा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, गुडघा ताठ, टाच जमिनीला चिकटलेली. अर्धा मिनिट थांबा, दोन-तीन वेळा करा. वर्गात फळ्याजवळही जमतो.

तिसरा, ताकदीचा. जिन्याच्या पायरीवर बोटांखाली टॉवेलची गुंडाळी ठेवा, कठड्याला धरा. तीन आकड्यांत टाच वर, दोन आकडे थांबा, तीन आकड्यांत खाली. एक दिवसाआड, झेपेल तितकं. डेन्मार्कमधल्या ४८ रुग्णांच्या अभ्यासात तीन महिन्यांनी हा व्यायाम करणाऱ्यांना, नुसता ताण देणाऱ्यांपेक्षा जास्त आराम होता. इनसोल दोन्ही गटांना दिलं होतं. ताकद वाढेल तसं पाठीवर पुस्तकं भरलेलं दप्तर घ्यायचं असतं. आम्हा शिक्षकांना त्याची काय कमी!

संध्याकाळी पाण्याची गोठवलेली बाटली तळपायाखाली पाच-दहा मिनिटं फिरवली तरी बरं वाटतं. बाटलीवर कापड गुंडाळा. आणि वजन थोडं जरी उतरलं तरी टाचेला ते कळतं.

नमाज, तरावीह आणि हजचा प्रवास

मशिदीत बूट बाहेरच राहतात, तेव्हा इनसोलचा उपयोग संपतो. तरावीहला बराच वेळ उभं राहायचं असतं. त्यात कायद्यात बसताना उजव्या पायाची बोटं दुमडली की तोच पट्टा ताणला जातो. जाड गालिचा असलेली जागा बघा, रमजानच्या आधीपासूनच व्यायाम सुरू करा. दुखणं जास्त असेल तर माजूर व्यक्तीला जमेल तसं बसून नमाज अदा करण्याची सवलत आहे. आपल्या बाबतीत काय लागू होतं ते आपल्या मौलानांना विचारावं, संकोच करू नये.

हज-उमऱ्याला जाणाऱ्यांनी तर हे आधीच ध्यानात घ्यावं. सफा आणि मरवा यांमधल्या सईचे सात फेरेच तीन किलोमीटरच्या आसपास होतात. तवाफ आणि मिनातलं चालणं वेगळं. इहराममध्ये पुरुषांना पाय झाकणारे बूट चालत नाहीत, म्हणजे बुटातलं इनसोल तिथे कामाचं नाही. टाचेला गादी आणि कमानीला आधार असलेली सँडल घ्या, ती चालते का हे हज प्रशिक्षणात विचारून घ्या, आणि दोन-तीन महिने आधीपासून वापरून पाहा. नवी कोरी चप्पल मक्केत पहिल्यांदा घालू नका. चालण्याचा सरावही हळूहळू वाढवा. शेवटच्या आठवड्यात एकदम पाच किलोमीटर चाललात तर टाच तिथेच बसवेल.

मधुमेह असेल तर सावध

आपल्या घराघरांत मधुमेह आहे, म्हणून हे वेगळं लिहितो. मधुमेहात पायाची संवेदना कमी होते. कडक इनसोल टोचून जखम झाली तरी कळत नाही. अशांनी कडक आर्च सपोर्ट स्वतःहून घेऊ नये. डॉक्टरांना पाय दाखवूनच घ्यावं आणि रोज रात्री तळपाय पाहावेत, स्वतःला दिसत नसेल तर घरच्यांनी पाहावेत. टाचदुखीवर रुईचं पान आणि तापलेल्या विटेचा शेक घेण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. बधिर पायाला चटका कळत नाही आणि जखम चिघळली तर पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. मधुमेह असणाऱ्यांनी हा प्रयोग मुळीच करू नये. बर्फाबाबतही तीच काळजी घ्यावी.

डॉक्टरांकडे कधी?

प्रत्येक टाचदुखी प्लँटर फॅशायटिस नसते. पुढीलपैकी काही असेल तर इनसोलवर वेळ घालवू नका :

- पडल्यावर किंवा उडी मारल्यावर सुरू झालेली वेदना, पाय टेकवताच न येणं.
- टाच दोन्ही बाजूंनी दाबल्यावर तीव्र दुखणं. हाडाला बारीक तडा असू शकतो.
- रात्री झोपेतही थांबत नाही अशी वेदना, ताप, लाली, सूज.
- मुंग्या, जळजळ, बधिरपणा.
- तरुण माणसाच्या दोन्ही टाचा दुखणं आणि सकाळी कंबर बराच वेळ आखडलेली असणं. हा सांध्यांचा आजार असू शकतो.
- आठ ते चौदा वर्षांच्या खेळणाऱ्या मुलांची टाचदुखी. तिचं कारण वेगळं असतं. "नाटक करतो" म्हणून दुर्लक्ष करू नका.

वेदनाशामक गोळ्या मनानेच महिनोन्‌महिने घेऊ नयेत. रक्तदाब, मूत्रपिंड किंवा आम्लपित्ताचा त्रास असणाऱ्यांनी तर नाहीच. टाचेत स्टेरॉइडचं इंजेक्शन दिल्यावर काही आठवडे चांगला आराम पडतो, पण तो बहुधा टिकत नाही, आणि क्वचित पट्टा तुटण्याचा धोका असतो. म्हणून तो निर्णय डॉक्टरांशी नीट बोलूनच घ्यावा.

शेवटी

दिलासा देणारी गोष्ट अशी की बहुसंख्य लोकांची ही टाचदुखी ऑपरेशनशिवाय बरी होते. मात्र तिला आठवडे नाही, महिने लागतात, कधी वर्षही. त्या काळात इनसोल काठीसारखं आहे. काठी आधार देते, चालायचं आपल्यालाच असतं. साधं तयार इनसोल, घरात मऊ चप्पल, रोजचा व्यायाम आणि थोडा सब्र, एवढं जुळून आलं की इन्शाअल्लाह सकाळचं पहिलं पाऊल पुन्हा सहज पडेल. आमचं पडू लागलं आहे. घरात अम्मी, आपा किंवा खाला टाच धरून बसत असतील, तर इनसोल आणण्याआधी एवढंच विचारा : दिवसभर तुमच्या पायाखाली काय असतं?